सिस्टरांची शुद्ध हिंदी

देवाला कामाला लावणारी इतकी कर्तबगार बाई मी आजवर दुसरी पाहिलेली नाही. देवाचं काम करणारी माणसं बनारसमध्ये पुष्कळ. आमचं मूळ घर मंगला गौरीच्या गल्लीतलं, तिथे तर दर दुसऱ्या दारात एक भेटतो. पण खुद्द देवालाच 'हे झालं का? आणि ते का राहिलं?' असं विचारणाऱ्या फक्त आमच्या शेजारच्या सिस्टर. रेल्वेच्या नोकरीमुळे आम्ही गल्ली सोडून कॉलनीत राहायला आलो, त्या दिवशी सामान ट्रकमधून उतरायच्या आधीच त्या दारात हजर झाल्या. बुटक्या, ताठ, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या साडीतल्या. "भैया, नए आए हैं? घर में किसको क्या बीमारी है?" मी गडबडून आईचं वय, गुडघे, बीपी सगळं सांगून टाकलं. त्यांनी ट्रकशेजारी उभ्या उभ्या डोळे मिटले आणि सुरू केलं, "हे प्रभु, सत्तर साल की माताजी हैं, दोनों घुटनों में दर्द, शुगर नहीं है, बीपी है, गोली टाइम पर नहीं खातीं..." शेवटची माहिती मी दिलेली नव्हती. ती त्यांनी आईच्या चेहऱ्यावरून ओळखली होती. आमेन म्हणून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मैंने उधर बोल दिया है। अब आप इधर हड्डी के डॉक्टर को दिखाइए।"

सिस्टर मूळच्या झारखंडच्या, गुमलाकडच्या उराँव आदिवासी. चाळीस वर्षं त्यांनी बनारसमध्ये नर्सची नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर आपल्या पेशंटांची ड्यूटी देवाकडे सोपवायला घेतली. त्यांची प्रार्थना म्हणजे वॉर्डातली पाळी बदलताना एक नर्स दुसरीला रुग्ण समजावून देते, तशी असे. तपशील सोडायचा नाही आणि समोरच्याने विसरायचं नाही. आईला सुरुवातीला हे फार खटकलं. पूजेच्या वेळी सिस्टर आल्या की ती घंटा जरा जोरातच वाजवायची. पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या सकाळी दोघी आमच्या बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसल्या. एकीच्या हातात जपमाळ, दुसरीच्या मांडीवर बायबल. आई म्हणाली, "तुमचं तुम्ही करा, माझं मी करते. कुणाचं तरी पोचेलच." मग थोडा विचार करून तिने विचारलं, "सिस्टर, आपके भगवान को मराठी आती है क्या?" सिस्टर म्हणाल्या, "माई, हमको ही हिंदी सिखाने में उनको दस साल लग गए। मराठी तो आती ही होगी।"

हे हिंदीचं प्रकरण मात्र साधं नव्हतं. दर रविवारी दुपारी सिस्टरांच्या बाहेरच्या खोलीत वर्ग भरायचा. रेल्वे लाइनपलीकडच्या वस्तीत गुमला-सिमडेगाकडून आलेली पंधरा-वीस कुटुंबं राहतात. कोणी गवंडीकाम करतं, कोणी धुणीभांडी, दोघी-तिघी दवाखान्यात आया. त्यांतले आठ-दहाजण यायचे. सिस्टर त्याला 'शिष्यता की क्लास' म्हणत. अभ्यासक्रम एका वर्षाचा होता आणि त्याचं तिसरं वर्ष चालू होतं, कारण अजून कोणी पासच झालं नव्हतं. येशूचा शिष्य व्हायचं तर आधी चपला ओळीत काढायच्या, नखं कापलेली हवीत, आठवड्यात एका आजारी माणसाला भेटून यायचं, आणि मग उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायची. तीही शुद्ध हिंदीत. आमच्या व्हरांड्यात सगळं ऐकू यायचं. एकदा एका गवंड्याने भीत भीत सुरुवात केली, "प्रभु, तुम मेरा सास को अच्छा कर दिया..." सिस्टर कडाडल्या, "मेरा सास नहीं, मेरी सास! और 'तुम' के आगे 'ने' कौन लगाएगा, हम? फिर से!" त्या बिचाऱ्याची सासू त्या दुपारी चार वेळा बरी झाली.

मी एकदा म्हटलंही, "सिस्टर, देवाला व्याकरणाचं काय?" त्या हसल्या नाहीत. सतराव्या वर्षी नर्सिंग शिकायला आल्या तेव्हा घरची भाषा कुड़ुख, हिंदी जेमतेम. पहिल्याच दिवशी मोठ्या डॉक्टरांना त्या 'तू' म्हणाल्या आणि सगळा वॉर्ड खो खो हसला. "भैया, हम उस दिन बाथरूम में जाके रोए। हमारे लोगों पर इस शहर में कोई हँसेगा नहीं।" त्यानंतर मी विषय काढला नाही. आमच्या घरात तरी काय वेगळं होतं? आई मराठीत विचारायची, माझी मुलगी हिंदीत उत्तर द्यायची, आणि मी दोघींच्या मध्ये पेपर वाचायचो.

त्या वर्गात फुलमनी नावाची एक बाई होती. चार घरची धुणीभांडी करून यायची, कोपऱ्यात बसायची. आजाऱ्यांना भेटण्यात सर्वांत पुढे, पण प्रार्थनेची पाळी आली की उठून उभी राहायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि खाली बसायची. तीन वर्षांत तिच्या तोंडून 'हे प्रभु'च्या पुढे शब्द निघाला नाही. सिस्टर कपाळाला हात लावत. "इसको तो हम चौथे साल में भी पास नहीं करेंगे।"

मग एका सकाळी त्यांच्या दूधवाल्याने आमचं दार वाजवलं. सिस्टर स्वयंपाकघरात पडल्या होत्या. पक्षाघात. दवाखान्यात नेलं, जीव वाचला, उजवा हात मात्र लुळा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि भराभर बोलायला लागल्या. मला एक अक्षर कळेना. नर्स म्हणाली, "बड़बड़ा रही हैं, अंकल।" सिस्टरांनी पुन्हा सांगितलं, मग आणखी मोठ्याने, आणि आमच्या कोऱ्या चेहऱ्यांकडे पाहून त्यांच्या डोळ्यांत जी भीती आली ती मी तोवर कधी पाहिली नव्हती. तेवढ्यात फुलमनी पेजेचा डबा घेऊन आली. दारातच थबकून तिने ऐकलं.

"बड़बड़ नहीं है," ती म्हणाली. "पानी माँग रही हैं। और बोलती हैं, सलाइन का नली मुड़ गया है, तुम लोग को दिखता नहीं क्या।"

नळी खरंच मुडपली होती.

डॉक्टरांनी नंतर समजावलं की असं होतं कधीकधी. मागून शिकलेली भाषा जाते, लहानपणची राहते. चाळीस वर्षं घासूनपुसून लख्ख केलेली हिंदी एका सकाळी गेली होती. पुढचे पंधरा दिवस डॉक्टर, नर्सा, मी, माझी आई, सगळे फुलमनीच्या तोंडाकडे पाहत बसायचो. तिला चारही घरच्या कामावर पाणी सोडावं लागलं. तिने त्याचा उच्चारही केला नाही.

एका संध्याकाळी सिस्टर प्रार्थना करू लागल्या आणि अडखळल्या. शब्द जुळेनात, स्वतःवरच चिडून त्या रडायला लागल्या. फुलमनी स्टुलावरून उठली. पदराला हात न लावता तिने डोळे मिटले आणि कुड़ुखमध्ये बोलू लागली. सुरुवातीला हळू, मग मोकळेपणाने, नदीपलीकडे उभ्या असलेल्या कुणाला तरी हाक मारावी तशी. त्यातला देवासाठीचा 'धर्मेस' हा एकच शब्द मला कळत होता. बराच वेळ ती बोलली. सिस्टरांनी एकदाही टोकलं नाही. झाल्यावर त्या डाव्या हाताने तिचा हात धरून काहीतरी पुटपुटल्या.

"काय म्हणाल्या?" मी न राहवून मराठीतच विचारलं. फुलमनीला समजलं.

"पूछती हैं, तीन साल से तू कहाँ थी।" ती डोळे पुसत हसली. "हम बोले, आप ही के घर में, कोने में।"

सिस्टरांना आता त्यांच्या भाचीने गुमलाला नेलंय. वर्ग फुलमनीच्या खोलीत भरतो. तिथे कुड़ुखमध्ये प्रार्थना करायची मुभा आहे, आणि शहरात वाढलेल्या पोरी ती भाषा इतकी मोडून बोलतात म्हणे, की फुलमनीच आता मध्ये मध्ये त्यांना थांबवते.

दर रविवारी भाची मला फोन लावून देते. सिस्टर कुड़ुखमध्ये बोलतात, मी मराठीत. हिंदीत बोललो असतो तर त्यांना कदाचित थोडंफार कळलंही असतं, पण का कोण जाणे, त्यांच्याशी मराठीतच बोलावंसं वाटतं. आई पलीकडून ओरडते, "बीपीची गोळी घेतली म्हणून सांग त्यांना!" मी सांगतो. परवा त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बोलत राहिल्या. आवाज संथ होता, मधूनच 'माई' ऐकू आलं, मग माझ्या मुलीचं नाव, मग माझं. मी आपला हं हं करत होतो. शेवटी त्या थांबल्या आणि एकच शब्द म्हणाल्या, तो मला कळला. तेव्हा लक्षात आलं की त्या माझ्याशी बोलत नव्हत्याच.

मी फोन तसाच कानाशी धरून, हळूच, आमेन म्हटलं.