अर्ध्या वाक्याच्या बाई

बाई शाळेतून निवृत्त झाल्या, पण त्यांचं तोंड काही निवृत्त झालं नाही. घरी ऐकायला एकटा नवरा, आणि तोही हल्ली कोपऱ्यावर दाढी करायला गेला की जेवणाच्या वेळेलाच उगवायचा. अशात वाचनालयाच्या दारावर पाटी लागली. युद्धातून जीव वाचवून आलेल्या मुलांना शाळेच्या अभ्यासात मदत हवी होती, मोबदला काही नाही.

"लष्कराच्या भाकऱ्या," नवरा म्हणाला आणि मनातल्या मनात वाचनालयाला हात जोडले.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि रद्दीचे गठ्ठे यांच्या मधोमध, बाईंचं राज्य सुरू झालं. शिकवण्याची त्यांची एक ठरलेली रीत होती. वाक्य त्यांनी म्हणायचं, शेपूट मुलांनी.

"पद बरोबरच्या चिन्हापलीकडे नेलं की चिन्ह बद...?"

"लतं!"

"अधिकचं होतं उ...?"

"णे!"

"शाब्बास!"

खोली दणाणून जायची. बाहेर पेपर वाचणारे म्हातारे माना डोलवायचे. मुलांना इथली भाषा जेमतेम कळू लागली होती, पण शेपूट पकडायला भाषा कशाला लागते? बाईंचे ओठ बघितले की भागत होतं. बाई मात्र लग्नाकार्यात ज्याला त्याला धरून सांगायच्या, "हिरे आहेत हो हिरे! विचारायचा अवकाश, उत्तर तयार!" हिरे कोणी घडवले, हे ऐकणाऱ्याने ओळखायचं असे.

सगळ्यांत मोठा आवाज लांबवेणीचा. हे नाव बाईंनीच ठेवलेलं. तिची आई एका हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. शाळेने लांबवेणीला बजावलं होतं, बीजगणितात पास हो, नाहीतर दोन वर्ग खाली बस. तिथे तिचा धाकटा भाऊ होता.

"भावाच्या बाकावर बसण्यापेक्षा मी आईबरोबर चादरी घडी करीन," ती म्हणाली होती.

"काही चादरी नकोत नि बिदरी नकोत. तू नापास झालीस तर मी खडू हातात धरणार नाही!" बाईंनी छातीठोकपणे सांगितलं.

लांबवेणी नापास झाली.

बाईंनी आधी पेपर काढणाऱ्याचा उद्धार केला, मग तपासणाऱ्याचा. मग उत्तरपत्रिका हातात आली आणि उद्धार अर्ध्यावरच राहिला. प्रत्येक गणित सुबक अक्षरात उतरवलेलं, आणि खाली कोरा कागद.

"अगं, इथे नुसतं चिन्ह बदलायचं होतं! तुला तर तोंडपाठ होतं ना?"

"हो बाई," लांबवेणी खाली मान घालून म्हणाली. "पण पेपरात 'बद' कोण म्हणणार?"

बाईंना रात्री जेवण गेलं नाही. इतकी वर्षं, इतके वर्ग, आणि आपण सगळ्यांना शेपटंच वाटली की काय, या विचाराने त्यांना खरोखर रडू आलं. नवऱ्याने धीर दिला, "मनाला लावून घेऊ नकोस. माझंही तुझ्याबरोबर शेपटांवरच भागलं."

शाळेने फेरपरीक्षेची एकच संधी दिली होती. खडू न धरण्याची प्रतिज्ञा बाई सोयीस्करपणे विसरल्या, पण वर्गात आल्या त्या दातांत पेन्सिल धरून. लांबवेणी चुकायची, खोडायची, पुन्हा चुकायची. बाईंच्या घशाशी उत्तर यायचं आणि पेन्सिलीचा भुगा व्हायचा. चार शब्द गिळायला माणसाला एवढे कष्ट पडतात, हे त्यांना या वयात कळलं. पेन्सिली संपत गेल्या तशी लांबवेणीची कोरी जागाही भरत गेली.

निकालाच्या दिवशी बाई शाळेच्या फाटकापाशीच उभ्या होत्या. लांबवेणी येताना दिसली आणि जित्याची खोड उफाळून आली.

"काय गं, पा...?"

लांबवेणी ओठ मिटून उभी राहिली. बाईंच्या डोळ्यांसमोर चादरींचे ढीग दिसू लागले.

"सगळं विचारा, बाई."

या वेळी बाईंनी वाक्य पुरं केलं. "पास झालीस का गं?"

"झाले. काठावर," ती म्हणाली आणि हसली. "पेपरात फार शांत होतं, बाई. बरं वाटलं."