सगळ्यात झिजलेलं पुस्तक

एल्डन प्रोहास्काचा मला अजूनही राग येतो, आणि राग आला की पाठोपाठ त्याची कीव येते, याचा जास्त त्रास होतो. इलिनॉयमधल्या आमच्या छोट्या गावाच्या अग्निशमन ठाण्यात आम्ही एकोणीस वर्षं एकाच बंबावर काढली. दोन हजार वीस साली ठाण्याच्या पेन्शन फंडाच्या मंडळावर आम्ही त्याला निवडून दिलं, कारण उभं राहायला दुसरं कुणी तयारच नव्हतं.

पहिल्याच बैठकीत सल्लागाराने दोन याद्या पुढे ठेवल्या. एकीत दोन-तीन वर्षांत पैसे परत देणारे सरकारी रोखे, दुसरीत तीस वर्षांचे, ज्यांचं व्याज थोडं जास्त. महिन्याभरात एक यादी निवडायची होती.

"मार्टी, आपल्या बारा विधवा या फंडावर जगतात," एल्डन मला म्हणाला. "आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही."

मी त्याच्याबरोबर वाचनालयात गेलो. रोख्यांच्या पुस्तकांनी अख्खा कप्पा भरलेला. पहिल्याच्या पानापानावर समीकरणं. दुसऱ्यात सकाळी घ्या, दुपारी विका, आणि मुखपृष्ठावर लेखक स्वतःच्या बोटीत बसलेला. तिसऱ्याच्या प्रस्तावनेतच लिहिलेलं, की वाचकाला प्राथमिक गोष्टी ठाऊक आहेत असं धरून चाललो आहे.

"ठाऊक असत्या तर इथे कशाला तडमडलो असतो?" एल्डन ओरडलाच. मग ग्रंथपाल बाईंकडे वळला. "बाई, यातलं साध्या माणसासाठी कुठलं?"

"सगळीच चांगली आहेत," बाई म्हणाल्या. असल्या उत्तराने माझं डोकं फिरतं.

शेवटी त्याने ठाण्याची रीत वापरली. नव्या कोऱ्या कुऱ्हाडीला आमच्यात कुणी हात लावत नाही. जिचा दांडा वापरून वापरून गुळगुळीत झालाय, तीच उचलायची. एल्डनने पाठ उसवलेलं, कोपरे झिजलेलं एक पुस्तक काढलं.

"बघ, किती हातांतून गेलंय!"

मलाही ते पटलं, हे कबूल करतो.

पुस्तक खरंच सोपं होतं. ठाण्याच्या स्वयंपाकघरात तो पेन्सिल घेऊन ते वाचत बसायचा आणि चुलीपाशी उभा असलेला आमच्याच बंबावरचा ग्लेन टोमणे मारायचा.

"साहेब, आज भांडी तुमच्याकडे आहेत, विसरू नका."

"गप ए. ऐक," एल्डन म्हणाला. "बाजारातले व्याजदर उतरले की जुन्या रोख्याचा भाव चढतो, कारण तो जास्त व्याज देत असतो. मुदत जितकी लांब तितका जास्त चढतो, म्हणून लांब मुदतीचे घेऊन ठेवायचे."

"आणि दर चढले तर?" मी विचारलं.

"मग उलटं. पण यात सगळी उदाहरणं उतरत्या दरांचीच आहेत."

ग्लेनने पुस्तकात डोकावलं. "तेरा टक्के? सरकार एवढं देतं?"

"गणित सोपं जावं म्हणून मोठे आकडे घेतलेत रे."

महिनाअखेर त्याने तीस वर्षांच्या यादीसाठी हात वर केला. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या. निदान याने पुस्तक तरी वाचलंय, एवढंच त्यांनी पाहिलं.

दोन वर्षांत दर भराभर चढले आणि आमच्या रोख्यांचा भाव चाळीस टक्क्यांनी कोसळला. थांबायची सोय नव्हती. पेन्शन दर महिन्याला द्यावीच लागते, म्हणून पडत्या भावात रोखे विकत राहावं लागलं. तेव्हा कुठे मी ते पुस्तक मागवून आतलं पान उघडलं. छापल्याचं साल एकोणीसशे ब्याऐंशी. त्या वेळी दर इतके वर होते की लेखकाला ते उतरतील असंच वाटलं, आणि ते उतरलेही. आम्ही रोखे घेतले तेव्हा दर जमिनीला टेकले होते.

"साल बघता आलं नाही, गाढवा?"

"कुऱ्हाडीवरचं साल कोण बघतं, मार्टी?"

बघितलं तर मीही नव्हतं.

फंडातली तूट गावाने भरली, आणि त्यासाठी ठाण्यातल्या रिकाम्या होणाऱ्या जागा भरायच्या नाहीत असं ठरवलं. बंबावर चौघांऐवजी तिघे जाऊ लागलो. गेल्या शरद ऋतूत एल्डन निवृत्त होणार होता. त्याने अर्ज मागे घेतला.

"मी गेलो तर दोघंच उरता तुम्ही."

"तुला कुणी सांगितलंय? जा की बाबा घरी!"

तो गेला नाही. काल दुपारी एका दुमजली घराला आग लागली. अठ्ठावन्न वर्षांचा एल्डन, गुडघ्याला पट्टा बांधून, वर चढत होता, आणि मी खाली शिडी घट्ट धरून त्याला मोठमोठ्याने शिव्या देत होतो.