पेरू ओळखणारा हात

"शिकतंय आजून," असं म्हणून तो त्या यंत्राच्या लोखंडी मनगटावर थोपटायचा. यंत्रानं पेरू फरशीवर आपटला तरी हेच. मेसच्या आमटीत मीठ जास्त पडलं, तर आचाऱ्याबद्दलही हेच.

कोल्हारजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी प्रयोगशाळा सांभाळायचो आणि तो एम.ई. करत होता. नव्वदीतली गोष्ट. एक कॅमेरा, रडतखडत चालणारा कॉम्प्युटर आणि एक यांत्रिक हात, एवढ्या सामानावर त्याला पिकलेला पेरू ओळखणारं यंत्र करायचं होतं. नियम सांगायचे नाहीत, नुसतं दाखवत जायचं, हा पिकलेला, हा कच्चा. लहान लेकराला दाखवतात तसं. पेरू पुणतांब्याहून त्याच्या वडिलांच्या बागेतून यायचे. सोबत निरोपही यायचा, की या खेपेला पास झाला नाहीस तर गुमान बागेत ये.

दाखवण्याआधी तो प्रत्येक पेरू तपासायचा. कच्चा बोटालाच कळायचा. पिकलेला वाटला की मात्र तो एक लचका तोडायचा, डोळे मिटून चावायचा आणि मगच पेरू कॅमेऱ्यापुढे ठेवायचा.

"अरे, खाशील तरी किती?"

"खात्री नको का, सर? त्याला खोटं शिकवायचं न्हाई."

मला हसू यायचं आणि कौतुकही वाटायचं. तुम्हालाही वाटलं असतं.

परीक्षेला पुण्याहून परीक्षक आले, कडक इस्त्रीतले. आम्ही धुऊनपुसून अखंड पेरू मांडले. यंत्राच्या हातानं चांगला घमघमणारा पेरू उचलला आणि कच्च्यांच्या टोपलीत टाकला. दुसरा तिकडेच, तिसराही तिकडेच. परीक्षकांनी घड्याळ बघितलं. मला पुणतांब्याची बाग दिसायला लागली.

तो यंत्राकडे बघत राहिला. मग एकदम पुढे होऊन त्यानं त्यातल्याच एका पेरूचा लचका तोडला आणि पेरू कॅमेऱ्यापुढे ठेवला. हातानं तो अलगद उचलून पिकलेल्यांत ठेवला.

"चूक ह्याची न्हाई, सर," तो परीक्षकांना म्हणाला. "पिकलेला मी दर वेळी उष्टा करून दाखवला. ह्याला वाटतंय, उष्टा म्हंजेच पिकलेला."

परीक्षकांनी एक कडक हिरवा पेरू निवडला, तोंड वेडंवाकडं करत चावला आणि कॅमेऱ्यापुढे ठेवला. तोही पिकलेल्यांत गेला. तेव्हा कुठे ते हसले.

"हे सगळं प्रबंधात लिहा," ते म्हणाले. "माझ्या पेरूसकट." आणि त्यांनी त्याला पास केलं.

तो बंगलोरला नोकरीला गेला. जाण्याआधी त्यानं हाताला अखंड पेरूंवर नव्यानं शिकवलं, पण आधीचं शिकलेलं जिच्यात होतं ती जुनी फ्लॉपी मी टाकली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांनी प्रयोगशाळेत पेरू पाठवले, सवयीनंच. निरोप एवढाच होता, की तिकडं त्याला पेरू मिळतात का, तेवढं विचारा.

मी जुनी फ्लॉपी लावली, एक पेरू चावला आणि पुढे ठेवला. हातानं तो इतका जपून उचलला, की मला त्याची फार आठवण आली. अर्ध्या वाटेत पेरू सुटला आणि फरशीवर पडला.

"शिकतंय आजून," मी म्हणालो आणि मनगटावर थोपटलं.