दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा प्रिंटर

माझा स्वभाव तापट आहे, हे आमच्या लाइनीतल्या सगळ्या दुकानदारांना ठाऊक आहे. अमरावतीत तहसिलीजवळ माझं अर्ज टाइप करून द्यायचं लहानसं दुकान आहे. आधी टाइपरायटर होता, आता कॉम्प्युटर आहे. यंत्र बदललं, पण खंडेनवमीची पूजा मी सोडली नाही. सगळ्या वायरी काढायच्या, यंत्रं पुसून घ्यायची, मग हळद, कुंकू, झेंडूचं फूल आणि अक्षता. अक्षता मी मूठभर टाकतो. वडिलांचा हातही असाच सढळ होता. बायको म्हणते, "पूजा करून राहिले का लग्न लावून राहिले?" मी लक्ष देत नाही.

त्या वर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, तेव्हा आजूबाजूची शटरं बंदच होती. साडेनऊच्या सुमारास भातकुलीकडच्या एक बाई मुलीला घेऊन आल्या. बाईंचा झेंडूचा मळा आहे, पूजेची फुलं मी दरसाल त्यांच्याकडूनच घेतो. मुलीला अकोल्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली होती आणि चार वाजेपर्यंत तिथं हजर व्हायचं होतं. जागा मिळाल्याचं पत्र आणि पालकाच्या सहीचं हमीपत्र, असे दोनच कागद काढायचे होते. आई इथंच सही करणार, मुलगी अकराची एसटी धरणार, अकोल्याला मावशी स्टँडवर उभी राहणार, असं ठरलं होतं. मी म्हटलं, "बसा ताई, पाच मिनिटांचं काम आहे."

कॉम्प्युटर म्हणाला, प्रिंटर सापडत नाही.

आता बोला! प्रिंटर हातभर अंतरावर हिरवा दिवा लावून बसलेला, आणि म्हणे सापडत नाही. मी दोन्ही बंद करून पुन्हा चालू केले. कॉम्प्युटरकडची वायर एका खाचेतून काढून दुसरीत लावली, मग तिसरीत. यादीतून प्रिंटरचं नाव काढून टाकलं आणि नव्यानं घालायला गेलो, तर घालायला काही दिसेच ना. कपाटातून नवी वायर काढली. तरी तेच. मी कॉम्प्युटरला शिव्या घातल्या, बनवणाऱ्याला घातल्या, आणि टेबलावर एक बुक्की मारली. मुलगी दचकली. मला वाईट वाटलं, पण तोंड काही बंद झालं नाही.

बाई मात्र सारख्या घड्याळाकडे पाहत होत्या, आणि ते मला टोचायला लागलं. बोलता बोलता त्यांनी सांगितलं, की घरी सासूबाईंचा पोरीला होस्टेलात ठेवायला साफ नकार होता. बाई चार महिने एकट्या भांडल्या. निघताना म्हातारी उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, वाटेत काही आडवं आलं तर पोरीला तशीच वापस आण.

सव्वादहा झाले. मी स्टँडजवळच्या दुकानात त्यांना पाठवायला हवं होतं. पण माझी खुमखुमी! गिऱ्हाईक माझ्या दुकानातून रिकाम्या हातानं जातं म्हणजे काय? मी दोनदा "आता होते" म्हटलं, आणि दोन्ही वेळा झालं नाही. तेव्हा बाई उठल्या. मुलीच्या हातातली फाइल त्यांनी आपल्या हातात घेतली.

"जाऊ द्या भाऊ," त्या म्हणाल्या. "नसन तिच्या नशिबात. देवाच्याच मनात नाही त तुमी काय करान?"

मुलीनं खाली पाहिलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला देवाचा नाही, त्या डबड्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा आला.

मी म्हटलं, दोन मिनिटं द्या, आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पोराला फोन लावला. तो घरच्यांबरोबर नागपूरला दीक्षाभूमीवर गेला होता. गर्दीच्या गलक्यातून त्यानं एवढंच विचारलं, की प्रिंटरवर कागद ठेवून नुसती झेरॉक्स निघते का. निघाली. मग म्हणाला, "काका, प्रिंटर चांगला हाये, रस्ता बंद हाये. मागची खाच पाहा."

प्रिंटरच्या मागची खाच मी पाहिलीच नव्हती. वायर तिथं खुपसून दाबत होतो, बस्स. वीज बंद केली, प्रिंटर वळवला, मोबाइलचा उजेड पाडला. माझ्या चष्म्यातून काही दिसेना. मुलगी वाकली.

"काका, आत तांदूळ हाये. लाल."

तिनं केसातली पिन काढली. हात जरासुद्धा हलला नाही. दाणा बाहेर आला, माझ्या तळहातावर पडला. कुंकवात भिजलेली, वाळून चिकटलेली अक्षता. तिच्यामुळे वायर पूर्ण आत बसतच नव्हती.

मी गप्प राहू शकलो असतो. वायर सैल होती म्हटलं असतं, तर कोणाला कळलं असतं? पण बाईंच्या हातात ती फाइल तशीच होती.

"ताई," मी म्हटलं, "देव मधात आणू नका. हे मी टाकलं. परवा याच हातानं टाकलं."

त्यांनी दाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो दाणा उचलला, पदराच्या टोकाला ठेवला आणि गाठ मारली. "सासूले दाखवीन," म्हणाल्या. "आडवं काय आलं होतं, ते तिलेही पाहू दे."

वायर लावली. टक्‌ करून बसली. दोन्ही कागद निघाले, बाईंनी वळणदार अक्षरात सही केली. मी शटर अर्धं ओढलं आणि दोघींना गाडीवर बसवून स्टँडवर नेलं. एसटी हलायच्या बेतातच होती; पोचल्यावर कळवायला मुलीनं माझा नंबर तेवढा घेतला.

बाई तिथूनच गावाला जातील असं वाटलं होतं, पण त्या माझ्यासोबत परत दुकानात आल्या आणि बाकावर बसल्या. फुलं तोडायची राहिली होती, तरी बसल्या. मी चहा मागवला, तो त्यांनी तसाच निवू दिला. तीनच्या सुमारास माझा फोन वाजला.

"काका, आईले सांगा," मुलगी म्हणाली, "घेतलं मले."

मी फोन बाईंच्या कानाला लावला. त्या "बरं, बरं" एवढंच म्हणाल्या. मग पदराची गाठ चाचपून पाहिली आणि उठल्या.

"आता घरी जातो, भाऊ," त्या म्हणाल्या.