पलूसकडच्या हौद्यातलं एक ‘नाही’

माझी पुतणी सायली हिच्या तालमींच्या सर्वेक्षणाच्या अहवालातल्या एका ‘नाही’मुळे हे लिहावं लागतंय. ‘मुलींनी तालमीच्या हौद्यात उतरावं का?’ या प्रश्नावर दस्तगीर वस्तादांनी ‘नाही’ म्हटलं, तिने त्या रकान्यात खूण केली आणि निघून आली. अहवाल तालमीच्या मंडळाकडे गेला आणि तेवढ्यावर वस्तादांच्या नातीचा, यास्मिनचा, मातीवरचा सराव सुरू व्हायच्या आधीच थांबला. मातीवरच्या कुस्तीची निवड तोंडावर होती. मॅटवर खेळून मातीचा पाय येत नाही.

साताऱ्याहून कोरेगावमार्गे एसटीने निघाले. बायकांना तिकीट निम्मं. कडेगावला गाडी बदलावी लागते. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्यांमागे एसटी रांगते, तेव्हा वेळ हाताशी ठेवा. जेवणाचा भरवसा नाही. मी भडंगावर भागवलं.

तालीम पलूसच्या अलीकडे. मानववंशशास्त्राच्या एम.ए.ला असताना याच उंबऱ्यावर मी संध्याकाळी वही घेऊन बसायची. आत घामाचा, कापराचा वास आणि शड्डूंचे आवाज. “बाई, बसून काय लिवताय? मारा दोन बैठका!” असं ओरडणारा तरुण दस्तगीर आता काठी घेऊन समोर बसला होता.

आम्हाला शिकवलं होतं, श्रद्धा आहे की नाही हे विचारू नका. माणसाच्या शब्दाचा अर्थ त्यालाच विचारा. मी विचारलं, “वस्ताद, हौद्यात उतरायचं कुणी?”

“ज्यानं माती चारलीय त्यानं.”

“चारलीय म्हणजे?”

“मातीला खाऊ घालायचं. हळद, तेल, लिंबं, ताक. ज्याच्या हातचं खाल्लं त्याला माती वळखती. न्हाईतर हाड धरती, मोडती.”

“मग मुलींना का नाही?”

“आवं, कवा चारली पोरींनी? पोरं घरनं आणत्यात. पोरीच्या हातात कुणी दिलंच न्हाई.”

तालमीला लागून असलेल्या त्यांच्या घराच्या दारामागून यास्मिन म्हणाली, “म्या आणलं तर?”

वस्तादांनी काठीचं टोक दाराकडे वळवलं. “ताक आंबट पायजे. तुझ्या आजीचं नको, निस्तं पाणी.”

“चाळीस वर्सं तेच पिऊन कुस्त्या मारल्या की!” आतून आजी कडाडली.

साताऱ्याला परतून आठवडा झाला, चपलेच्या शिवणीतली लाल माती मी अजून झटकलेली नाही. सायलीला अहवाल परत पाठवलाय. त्याला जोडलेली नोंद अशी:

यास्मिनकडून मातीला: हळद, तेल, लिंबं, शेजारच्या घरचं आंबट ताक.
वस्तादांकडून यास्मिनला: हौदा उकरायचं खोरं.