काढून टाकायचा प्रश्न

"हा प्रश्न काढून टाकू," निखिल म्हणाला आणि स्क्रीनवरची एक ओळ त्यानं राखाडी केली.

"कुठला?" मी पर्समध्ये चष्मा शोधत होते.

"अखाद्य वस्तू खाण्याची सवय. माती, खडू, राख वगैरे. मॅडम, आत्तापर्यंतच्या सगळ्या नोंदींत याचं उत्तर 'नाही'च आहे. कुणी खातच नाही तर विचारायचं कशाला?"

टेबलाच्या टोकाला डॉक्टर पद्मजा बसल्या होत्या. त्या आमच्या कार्यक्रमाच्या प्रमुख. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "डिलीट."

त्या माझ्याशी हिंदीत बोलत. इथं मी मराठीत लिहितेय, पण डिलीट हा शब्द त्यांचाच आहे आणि तो तसाच ऐकू येतो मला अजून.

मी आहारतज्ज्ञ. म्हणजे होते, आता निवृत्त आहे. आहारतज्ज्ञ म्हटलं की लोक लगेच वजन कमी करण्याचा उपाय विचारतात. माझी सगळी नोकरी उलट्या कामात गेली. हैदराबादच्या एका संस्थेत आम्ही गरोदर बायका आणि लहान मुलांच्या पोषणाचा कार्यक्रम चालवायचो. केंद्रावर येणारी प्रत्येक बाई सारखी नसते. एखादीला चार शब्द सांगितले की पुरतं. एखादीला जास्तीचा शिधा लागतो, रक्त तपासावं लागतं, घरी जाऊन भेटावं लागतं. कुणाला काय लागणार हे ठरवायला काही खुणा ठरवलेल्या असतात. उंची फार कमी, दंडाचा घेर कमी, वय कोवळं, आधीचं बाळंतपण फार जवळचं, रक्तातलं हिमोग्लोबिन अकराच्या खाली. यांना आम्ही जोखमीचे निकष म्हणतो. निकषात बसली की ती बाई लाल. नाही बसली की हिरवी.

हे निकष अधूनमधून बदलावे लागतात, आणि ते बदलावेत याच मताची मी होते. मी नोकरीला लागले तेव्हा केंद्रावर यायच्या त्या बहुतेक बायका काटकुळ्या. नजरेनंच कळायचं. पुढं पुढं अंगानं भरलेल्या बायका येऊ लागल्या, आणि त्यांच्या रक्तात साखर जास्त, लोह कमी. वजनाचा काटा त्यांना शाबासकी द्यायचा. जुने निकष त्यांच्यापुढं आंधळे होते. शिवाय आता सगळं टॅबलेटवर जाणार होतं. म्हणजे गोळी नव्हे, पाटीएवढा तो फोन. माहिती भरली की लाल-हिरवं तोच सांगणार. ते काम निखिलकडं होतं. पुण्याचा पोरगा, तीन-चार वर्षांपासून इथं आयटीत. हुशार आणि मनानं सरळ. माझं मराठी ऐकून त्याला गंमत वाटे. माझे वडील परभणीकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, रेल्वेत चिकटले आणि इथं हैदराबादेत चिक्कडपल्लीत राहिले. आमच्या घरी "काय करायलास?" आणि "नक्को" एकाच वाक्यात नांदायचे. मी तसं बोलले की निखिल म्हणायचा, "काकू, पुन्हा एकदा म्हणा ना." मीटिंगमध्ये मॅडम, जिन्यात काकू.

तर त्या दिवशी मी म्हटलं, "हा प्रश्न राहू द्या."

"कारण?" डॉक्टर पद्मजांनी विचारलं.

"बायका खातात."

"डेटा नाही म्हणतोय."

"डेटा खरं बोलत नाही."

"वसुधा, तुझा अनुभव मला मान्य आहे. पण प्रत्येक जादा प्रश्न म्हणजे कार्यकर्तीचा वेळ. बाहेर रांग उभी असते. तूच तक्रार करतेस."

हे खरं होतं. मीच करायचे. शेवटी त्या म्हणाल्या, "मलकपेठच्या केंद्रावर चाचणी आहेच. तिथं तू स्वतः बस. एक जरी 'हो' आलं तरी पुन्हा बोलू."

मलकपेठचं केंद्र माझं आवडतं. एका जुन्या शाळेच्या दोन खोल्या आम्हाला मिळालेल्या. एकीत वजनकाटा, टेबल, शिध्याची पोती. दुसरीत बालवाडी. भाजलेल्या शेंगदाण्यांचा वास भिंतींतच मुरलेला. सकाळी रेसकोर्सच्या बाजूनं घोडे फिरायला निघत आणि बालवाडीतली पोरं खिडकीशी गर्दी करत. मी तरुण असताना तिथंच शिकले, की बाईला प्रश्न विचारायच्या आधी तिला बसायला स्टूल द्यावं. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं.

चाचणी सुरू झाली. कार्यकर्ती टॅबलेटवरचा प्रश्न वाचायची, "आपल्याला अखाद्य वस्तू सेवन करण्याची सवय आहे का?" उर्दूत आणि तेलुगूतही तो इतकाच जड होता. बायका दचकायच्या. जणू चोरी केलीत का, असं विचारलंय. "नै नै, अल्ला," किंवा "लेदु अम्मा." नाही, नाही, नाही. निखिल कोपऱ्यात बसून बघत होता. माझ्याकडं पाहून त्यानं हलकेच खांदे उडवले.

मग फरहाना आली. आठवा महिना. सोबत तिची सासू, गुलाबी चष्म्याची, बडबडी. फरहाना अंगानं चांगली भरलेली, हसरी. वजन चांगलं. दंडाचा घेर उत्तम. हिमोग्लोबिन तिसऱ्या महिन्यात तपासलेलं, तेही ठीक. अखाद्य वस्तू? नाही. टॅबलेट हिरवा झाला. कार्यकर्तीनं "शाब्बास" म्हटलं आणि पुढची बाई बोलावली.

फरहाना उठून बालवाडीच्या दाराशी गेली. तिचा थोरला मुलगा आत होता. तिथं पाट्यांजवळ पत्र्याच्या डब्यात पेन्सिली होत्या. पाटीवर लिहायच्या, करड्या, बोटभर लांबीच्या. तेलुगूत त्यांना बलपम म्हणतात. मुलाला हाक मारता मारता तिनं डब्यातून दोन उचलल्या. एक मुलाच्या हातात दिली. दुसरी तिच्या मुठीतच राहिली. मग तिनं वर पाहिलं आणि मी बघतेय हे तिला दिसलं. तिचा चेहरा असा उतरला की मलाच कसंसं झालं.

काय बोलावं हे मी काही ठरवलं नव्हतं. मी डब्याजवळ गेले, एक पेन्सिल घेतली आणि चावली.

कडकन आवाज झाला. माझ्या दाढेला कॅप बसवलेली होती, तिचं काय होईल हा विचार नंतर आला. आधी आली ती चव. पावसाच्या पहिल्या थेंबांची वगैरे मुळीच नाही, ओल्या पाटीची. आमच्या मराठी शाळेत मागच्या बाकावर कुमुद जोशी आणि मी एक पेन्सिल अर्धी अर्धी खायचो. बाई पाटी पुसायला सांगायच्या तेव्हा आमच्या जिभा पाटीहून करड्या असायच्या. कुमुद पुढं लग्न होऊन नांदेडला गेली. तिची आठवण इतकी वर्षं झाली नव्हती, ती त्या एका घासाबरोबर आली.

"लहानपणी मी खूप खायचे," मी फरहानाला दखनीत, आमच्या हैदराबादी उर्दूत, म्हटलं. "अजून छानच लागते की गं."

ती आधी बघतच राहिली. मग खुदकन हसली. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आपा, किसीकू नक्को बोलो," ती कुजबुजली. "मैं रोज खारी. डब्बा का डब्बा. छोडने को होताइच नै. मेरेकू लगा मैं पागल होरी."

"पागल कायकू?" मागून सासू म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली आम्हाला कळलंच नव्हतं. फरहाना घाबरून भिंतीला टेकली. पण सासूनं कमरेवर हात ठेवले. "तेरा मियां पेट में था तो मैं चूल्हे की मिट्टी खाती थी. मेरी सास मारने को दौडती थी." आणि ती इतक्या मोठ्यानं हसली की रांगेतल्या बायका वळल्या.

त्यानंतर ती खोली काही ऐकेना. एक म्हणाली, मी कच्चे तांदूळ खाते, मूठ मूठ. एक म्हणाली, भिंतीचा चुना. कोपऱ्यातली एक तेलुगू बाई हळूच म्हणाली की तिला चुलीतली राख आवडते, पण नवरा ओरडतो. याच बायका मघाशी "नाही, नाही" म्हणाल्या होत्या. कार्यकर्ती टॅबलेट छातीशी धरून उभी. निखिल उठून जवळ आला होता. त्याला दखनी अर्धीच कळायची, पण त्या दिवशी सगळं कळलं असावं.

आता यात आहारतज्ज्ञाचं काम काय, ते सांगते. शरीरात लोह फार कमी झालं की काही जणींना असं भलतंच खावंसं वाटतं. का, ते नीट कुणालाच ठाऊक नाही. पण ही ओढ म्हणजे पुष्कळदा रक्त आटल्याची खूण. आणि माती, खडू पोटात गेले की अन्नातलं उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही. बाळंतपणात थोडा जरी रक्तस्राव जास्त झाला तर अशा बाईच्या जिवावर बेतू शकतं.

मी फरहानाला पुन्हा बसवलं. खालची पापणी ओढून पाहिली. आतून लाल दिसायला हवी, ती पांढरट होती. बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. हिमोग्लोबिन सातच्या जरासं वर निघालं.

"पण तिचं तर बारा होतं," निखिल म्हणाला.

"तिसऱ्या महिन्यात होतं. त्यानंतर बाळानं काही खाल्लं नाही का?"

त्यानं टॅबलेटकडं पाहिलं. तो अजून हिरवाच होता.

फरहानाला त्याच दुपारी रिक्षानं सरकारी दवाखान्यात पाठवलं. सासू सोबत गेली. तिथं शिरेतून लोह चढवलं. पुढं आमची कार्यकर्ती त्यांच्या घरी जात राहिली. गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या वरणाबरोबर घ्यायच्या, हे सासूकडून पाठ करून घेतलं. सासूनं घरातल्या पेन्सिली कपाटात कुलूपबंद केल्या आणि किल्ली गळ्यात घातली. तेवढं काही मी सांगितलं नव्हतं.

पुढची मीटिंग सोपी गेली नाही. डॉक्टर पद्मजांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तू बेनिफिशियरीसमोर पेन्सिल खाल्लीस?"

"अर्धी."

"वसुधा, याला उत्तर तोंडात घालणं म्हणतात. तू खाल्लीस म्हणून त्या हो म्हणाल्या. उद्या तू म्हणालीस मी ढग खाते, तर अर्ध्या जणी ढग खातील."

मला राग आला. पण आक्षेप बिनचूक होता. आमच्या कामात हा दोष खरंच मोठा. उत्तर दिलं ते निखिलनं.

"मॅडम, सासू तर नातवंडवाली. तिला काही मिळणार नव्हतं. ती का खोटं बोलेल?" मग त्यानं लॅपटॉप वळवला. "मी प्रश्न बदलून पाहिलाय. सवय आहे का, असं विचारायचंच नाही. आधी एक वाक्य, की पोटुशी असताना पुष्कळ जणींना माती, पेन्सिल, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग विचारायचं, तुम्हाला काय खावंसं वाटतं? आणि जी सांगेल तिची रक्ततपासणी त्याच दिवशी. दुसरं, हिमोग्लोबिन जुनं झालं की टॅबलेट हिरवा होणारच नाही. पुन्हा तपासा म्हणेल."

डॉक्टर पद्मजांनी लॅपटॉप जवळ ओढून तो प्रश्न वाचला. मग अचानक म्हणाल्या, "माझ्या आईला विभूती खायला लागायची. देवघरातली. पुडीच्या पुड्या संपायच्या. वडील म्हणायचे, किती भक्ती आहे हिची." त्या हसल्या नाहीत. पुढं म्हणाल्या, "माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी आईला दवाखान्यात तीन बाटल्या रक्त द्यावं लागलं होतं. मी दहा वर्षांची होते. हे दोन्ही एकत्र मी आजवर जोडलं नव्हतं. आणि मी डॉक्टर आहे."

बाहेर कँटीनवाला कप गोळा करत होता.

"मलकपेठ आणि आणखी दोन केंद्रं," त्या शेवटी म्हणाल्या. "पेन्सिल न खाता. त्यात टिकला तर प्रश्न राहील."

प्रश्न टिकला. सगळ्याच 'हो' म्हणणाऱ्यांचं रक्त कमी निघालं नाही. काही जणींना नुसतीच आवड होती. पण ज्यांचं कमी निघालं, त्यांतल्या बऱ्याच जणी आधी हिरव्या होत्या. नव्या निकषांत तो प्रश्न निखिलच्या शब्दांत गेला, रक्ततपासणीला मुदत आली आणि त्या बदल्यात डॉक्टर पद्मजांनी माझे लाडके दोन जुने प्रश्न उडवले. ते उडवणं बरोबरच होतं, हे मला वर्षभरानं पटलं.

फरहानाला मुलगी झाली. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाचं वजन चांगलं भरलं. सासूनं केंद्रावर शीरखुर्मा आणला आणि डॉक्टर पद्मजांना आग्रह करकरून दोनदा वाढला.

निखिल आता पुण्याला परत गेलाय. दिवाळीला फोन करतो. डॉक्टर पद्मजाही निवृत्त झाल्या. मागच्या महिन्यात ऑफिसातून एका नव्या मुलीचा फोन आला. निकष पुन्हा सुधारायचे आहेत, यादी फार लांबलीय, कुठले प्रश्न काढावेत असं तुम्हाला वाटतं? मी तिला सांगितलं, काढा, खुशाल काढा, यादी लांब झाली की कुणी वाचत नाही. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे 'नाही' येतं, तो केंद्रावर जाऊन एकदा स्वतः विचारा. बाईला आधी स्टूल द्या. मग काढा.