ट्रकपुरती जागा

कॅनडात, स्कारबरोत आमच्या समोर राहणारे काका निवृत्त इंजिनिअर. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबणारे. त्यांच्या शेजारच्या ट्रक ड्रायव्हरकडून गांजाचा वास आला, तेव्हा पोलिसांना फोन त्यांनीच केला. त्याच्यावर केस झाली, अमेरिकेच्या फेऱ्या बंद झाल्या, शेवटी ट्रक विकावा लागला.

तेव्हापासून बर्फ पडला की काका आधी त्याच्या घरापुढचा ड्राइव्हवे फावड्याने शोव्हल करतात, मग स्वतःचा. गांजा कायदेशीर झाला त्या हिवाळ्यात मी म्हटलं, "काका, आता तो गुन्हाच राहिला नाही. सोडा ना."

"कायदा बदलला रे. त्याचं रेकॉर्ड कुठे बदललं?" ते म्हणाले. "बॉर्डरवर तेच बघतात."

आणि फावडं घेऊन पुन्हा वाकले. त्याच्याकडे आता छोटी गाडी आहे. काका अजून ट्रकपुरती जागा साफ करतात.